मदत हवी आहे: मामा तलावाकाठी कॉलेजच्या नव्या इमारती

नमस्कार मंडळी. भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात मामा तलावाच्या (माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजारांनी सिंचनासाठी बांधलेला तलाव) वरच्या अंगाला एक कॉलेज आहे. तिथे आता वसतिगृह आणि आणखी दोन इमारती होणार आहेत. कॉलेज वाढायलाच हवं, माझी लेक तिथेच शिकते. पण जागा नेमकी त्या उतारावर आहे, जिथून पावसाचं पाणी तलावात उतरतं. मुरमाचा भराव टाकला आणि एका पावसात काठचं पाणी लाल झालं. ढिवर बांधवांची जाळी चिखलाने जड होऊन वर येत होती.

२०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्थांना दिलेली सूट रद्द केली, एवढं वाचलंय. पण बांधकाम त्याहून लहान निघालं तर? २०१७ च्या पाणथळ नियमांतून सिंचनासाठी बांधलेले तलाव वगळलेत, म्हणजे काठापासून ५० मीटरच्या आत पक्क्या बांधकामाला असलेली बंदीही इथे धरता येत नाही. मग दाद कुठे मागायची?

दुसरं, येव्याचा (जिथून पाणी तलावात येतं त्या भागाचा) नकाशा, पाण्याचा गढूळपणा, मासे, पक्षी यांची नोंद आत्तापासून कशी ठेवावी, म्हणजे पुढे पुरावा म्हणून चालेल? कुणी असं केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. सोमवारी ग्रामसभा आहे.