जुन्या 'नाऊ' सीडी : हिट गाण्यांच्या कलेक्शनमध्ये एवढं काय असतं?

लेस्टरवासी

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात इथल्या एका चॅरिटी शॉपमध्ये 'नाऊ दॅट्स व्हॉट आय कॉल म्युझिक'च्या डबल सीडी ओळीने लावलेल्या दिसल्या, डब्याच्या कडेवर मोठे आकडे, ३८, ४१, ४४, ४५ असे, आणि ५० पेन्सला एक. सात उचलल्या. गाडी जुनी आहे, त्यातला सीडी प्लेअर अजून चालतो, म्हटलं ऑफिसला जाता-येता ऐकून होतील.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही ब्रिटनमधली सिरीज आहे, वर्षाला साधारण तीन अंक निघतात आणि त्या त्या वेळची चार्टवरची गाणी त्यात एकत्र असतात, एका डबल सीडीत चाळीसेक. ज्यांचं लहानपण इथे गेलंय ते ऑफिसातले लोक या सीडी बघून एकदम हळवे झाले, एकीने तर ४४ नंबरची हातात घेतली ती सोडेचना, म्हणाली मला दहाव्या वाढदिवसाला हीच मिळाली होती. त्यांचं कळतं हो. पण माझं लहानपण सांगलीत गेलं, यातली निम्मी गाणी मी आयुष्यात ऐकलेली नव्हती, मग मी का एवढी गुंतलेय? फोनवर सगळी गाणी असताना रोज सकाळी आठवणीने सीडी बदलते, आणि एखादं गाणं नाही आवडलं तरी पुढे ढकलत नाही. दुसऱ्या सीडीवरचं अकरावं गाणं आहे, पहिला आठवडा अगदी नकोसं वाटायचं, आता त्या गाण्यासाठी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी बंद न करता बसून राहते.

तुमच्यापैकी कुणी असे कलेक्शन अल्बम घेतलेत का, काय आवडायचं त्यात? आणि ही गाणी निवडतं कोण, कंपन्या एकमेकींना आपली गाणी देतात कशा, हेही कुणाला माहीत असेल तर लिहा प्लीज.

टेप_नव्वद

ताई, आमच्याकडे नाऊ वगैरे नव्हतं पण कलेक्शन होतंच, आपलं आपण भरून घेतलेलं. १९९१ नंतर केबल आली, स्टारवर एमटीव्ही दिसायला लागलं, आणि दादरला आमच्या घराजवळ एक कॅसेटवाले काका होते ते गाणी भरून द्यायचे. फुलस्केपवर यादी लिहून न्यायची, ९० मिनिटांची कोरी कॅसेट घ्यायची, चार दिवसांनी मिळायची. ते कायदेशीर आहे की नाही हा विचार तेव्हा आमच्या डोक्यात कधी आला नाही, खरं सांगतो.

तर एका बाजूला ४५ मिनिटं, माझ्या यादीतली गाणी बसवून शेवटी तीन-चार मिनिटं उरायची, तिथे काका स्वतःच्या पसंतीचं एखादं गाणं टाकायचे. तू टेपचे पैसे दिलेस मग कोरी का देऊ, असं म्हणायचे. कव्हरवर त्याचं नाव पण लिहायचे नाहीत. यादीतली माझी गाणी आज लागली तर मी दोन ओळी ऐकून सोडून देतो, पण काकांनी भरलेलं एक गाणं होतं, बाईचा खर्जातला आवाज आणि मागे नुसता बास, ते कुणाचं हे कळायला मला बारा वर्षं लागली आणि अजून लागलं की हातातलं काम थांबतं. पुढे ढकलायचं म्हणाल तर वॉकमनवर फॉरवर्ड केलं की सेल उतरायचे, म्हणून सगळं ऐकायचोच. तुमचं ते अकरावं गाणं मला बरोब्बर कळलं.

विनायल_वेडा

निवडीच्या प्रश्नाचं मी सांगतो, जिव्हाळ्याचा विषय आहे, लांबेल.

नाऊचा पहिला अंक २८ नोव्हेंबर १९८३ ला आला, डबल एलपी आणि कॅसेट, ३० गाणी, त्यातली ११ ब्रिटनमध्ये नंबर एकला जाऊन आलेली. सुरुवात फिल कॉलिन्सने, मग ड्युरान ड्युरान, यूबी फॉर्टी, कल्चर क्लब, म्हणजे त्या वर्षी तिकडे रेडिओ लावला असता तर जे कानावर पडलं असतं तेच. पण कलेक्शन काढायची कल्पना काही त्यांची नाही. कॅनडात विनिपेगला के-टेल नावाची कंपनी आहे, तिचा मालक फिलिप काइव्हज टीव्हीवर जाहिराती करून स्वयंपाकघरातल्या वस्तू विकायचा, त्यानेच १९६६ मध्ये त्याच पद्धतीने आपली पहिली कलेक्शनची रेकॉर्ड विकली. एका एलपीत वीस-वीस गाणी कोंबायची. आता एका बाजूला वीस-बावीस मिनिटांच्या पुढे गेलं की खाचा दाटीने आणि उथळ कापाव्या लागतात, आवाज बारीक होतो, मग हे लोक गाण्यालाच कात्री लावायचे, एखादं कडवं गायब, शेवट आधीच फेड. ज्याने मूळ सिंगल ऐकलंय त्याला ते ऐकताना जिना उतरताना पायरी चुकल्यासारखं होतं.

त्याच्याही खाली एक प्रकार होता. ब्रिटनमध्ये हॉलमार्क लेबलवर 'टॉप ऑफ द पॉप्स' नावाने १९६८ पासून रेकॉर्डी निघायच्या, गाणी चार्टवरची पण मूळ गायक नाही, स्टुडिओतले गायक-वादक हुबेहूब गाऊन देणार आणि किंमत अगदी कमी. १९७१ मध्ये या असल्या रेकॉर्डी अल्बम चार्टवर थेट नंबर एकला गेल्या, मग स्वस्तातल्या रेकॉर्डी चार्टमधून काढूनच टाकल्या. आपल्याकडे टी-सिरीजने जुन्या हिंदी गाण्यांची 'व्हर्जन' काढली तो प्रकार याच्याच जवळचा, सोनू निगमच्या 'रफी की यादें' कॅसेटी कितीतरी घरांत होत्या. मी त्यांना नावं ठेवत नाही, मूळ रेकॉर्ड ज्याला परवडत नव्हती त्याच्या घरात गाणं पोचलं ते त्यांच्यामुळेच.

नाऊचं वेगळेपण असं की व्हर्जिन कंपनी आधी के-टेलसारख्यांना आपली गाणी वापरायला द्यायची, मग त्यांच्या लक्षात आलं की गाणी आपली आणि कलेक्शन विकून कमावतायत दुसरेच. पण एकट्या व्हर्जिनकडे तेवढी हिट गाणी नव्हती, म्हणून ईएमआय या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीला बरोबर घेतलं, व्हर्जिनचा मालक रिचर्ड ब्रॅन्सन, त्याची लंडनमध्ये लिटल व्हेनिसला बोट होती तिच्यावर बसून करार झाला. नाव आलं डॅनिश बेकनच्या एका जुन्या जाहिरातीवरून, कोंबडी गातेय आणि डुक्कर ऐकतंय असं पोस्टर, त्यावर हेच वाक्य, ब्रॅन्सनने ते आपल्या सहकाऱ्याच्या टेबलामागे लावायला घेतलं होतं. ३, ४ आणि ५ नंबरच्या कव्हरवर ते डुक्कर दिसेल. आणि आत गाणी मूळ गायकांची, मूळ रेकॉर्डिंगची. गिऱ्हाइकाला खात्री मिळाली की कव्हरवर लिहिलंय तेच आत आहे.

लगेच सीबीएस आणि डब्ल्यूईए या दोन कंपन्यांनी मिळून १९८४ मध्ये 'द हिट्स अल्बम' काढला, त्याने नाऊ ४ ला नंबर एकवर जाऊच दिलं नाही. पुढे ही कलेक्शनं इतकी खपायला लागली की एकेका कलाकाराच्या अल्बमला नंबर एकची जागा मिळेना, शेवटी जानेवारी १९८९ पासून ब्रिटनमध्ये कलेक्शनचा चार्टच वेगळा केला. तुमच्या मैत्रिणीची ४४ नंबर, १९९९ ची, ती पूर्ण सिरीजमध्ये सगळ्यात जास्त खपलेली, २३ लाखांच्या आसपास.

आता निवड. दुसऱ्या अंकापासून पुढे पंचवीसहून जास्त वर्षं ॲशली एब्रम हा एकच माणूस गाणी निवडायचा आणि क्रम लावायचा. यातली खरी मेख अशी की रेकॉर्ड छापायला वेळ लागतो, त्यामुळे काही गाणी चार्टवर यायच्या आधीच अंदाजाने घ्यावी लागायची, हे चालेल असं धरून. काही चालली, काही पडली. पडलेलं गाणं रेडिओवरून गेलं, दुकानातून गेलं, पण ती सीडी तर लाखो घरांत होती. तुमचं अकरावं गाणं त्यातलंच असायची दाट शक्यता आहे.

अखंड_अल्बम

माझं मत वेगळं आहे आणि मनापासून वेगळं आहे. कलाकार दोन-दोन वर्षं घासून दहा गाणी करतो, कुठलं आधी, कुठलं नंतर, मध्ये किती सेकंद शांतता हे ठरवतो, आणि तुम्ही त्यातलं एक उचलून आणता आणि शेजारी डान्स नंबर लावता. लता मंगेशकरांचे ज्ञानेश्वरांचे अभंग कुणी एकेक सुटे करून लावण्यांच्या मध्ये टाकले तर चालेल का आपल्याला? कलेक्शन घेणारा माणूस गायकाचा होत नाही, त्या सीझनचा होतो, तीन महिन्यांनी पुढचा अंक आला की आधीचा विसरला. जी सीडी वाढदिवसाला प्रेमाने मिळते तीच वीस वर्षांनी ५० पेन्सला का मिळते याचं कारण मला हेच दिसतं. ज्याला संगीताची ओढ आहे त्याने एक अल्बम घ्यावा आणि महिनाभर तोच ऐकावा.

बुधवार_रात्री_आठ

मी वयाने तुम्हा सगळ्यांपेक्षा मोठी असेन, इंग्रजी गाण्यातलं मला काही कळत नाही पण हे वाचून राहवलं नाही. आमच्यासाठी चार्ट म्हणजे बिनाका गीतमाला, रेडिओ सिलोन, बुधवारी रात्री आठ. आमच्याकडे रेडिओ नव्हता, शेजारच्या काकूंकडे होता, त्यांच्या ओटीवर आम्ही सहा-सात मुली बसायचो आणि अमीन सायानी एकेक पायदान चढत वर यायचे. १९५२ पासूनचा कार्यक्रम तो, दुकानांतली रेकॉर्डींची विक्री आणि श्रोता संघांची पसंती यावरून नंबर लागायचे. वर्षाच्या शेवटी सरताज गीत कुठलं यावर आमची भांडणं व्हायची, एकदा मी धाकट्या बहिणीशी दोन दिवस बोलले नव्हते.

पुढे एचएमव्हीने 'गीतमाला की छाँव में' नावाने तीच गाणी सायानींच्या निवेदनासकट काढली. माझ्या यजमानांनी मला आणून दिली. अखंड अल्बम, तुम्ही म्हणता ते सिनेमाच्या रेकॉर्डीबद्दल मला पटतं, पण या रेकॉर्डीत मला गाण्यापेक्षा शेजार मिळाला हो. कुठलं गाणं कुठल्या गाण्याच्या आधी लागायचं, मध्ये सायानी काय बोलायचे, ते बोलत असताना काकू चहा कधी टाकायच्या. खालच्या पायदानावरची गाणी तर आता कुठेच लागत नाहीत, आमच्या ओटीवर मात्र त्यांचेही पक्ष होते. २०२४ च्या फेब्रुवारीत सायानी गेले त्या रात्री मी पहिला भाग लावला आणि बहिणीला फोन जोडून रिसीव्हर स्पीकरजवळ धरला, ती आता इंदूरला असते. दोघी काही बोललो नाही, बाजू संपेपर्यंत फोन तसाच ठेवला.

टेप_नव्वद

काकू, हे वाचून डोळ्यांत पाणी आलं.

लेस्टरवासी

सगळ्यांचे आभार, आणि काकू तुमचं तर मी नवऱ्याला वाचून दाखवलं.

विनायल_वेडा, तुम्ही म्हणालात ते तपासलं, ते अकरावं गाणं खरंच टॉप ४० मध्ये आलेलंच नाही! फोनवर शोधलं तर आहे, पण नंतर पुन्हा रेकॉर्ड केलेलं, सुरुवातीचा तो पियानोच नाहीये त्यात. म्हणजे मला हवंय ते गाणं सध्या माझ्याकडे फक्त त्या ५० पेन्सच्या सीडीवर आहे. आणि काकूंनी शेजार म्हटलं ना, मला एवढे दिवस जे सांगता येत नव्हतं ते हेच. मी प्लेलिस्ट केली असती तर त्या गाण्याच्या शेजारी माझ्याच आवडीची गाणी आली असती, इथे १९९८ मधल्या कुणा अनोळखी मुलीचं आवडतं गाणं येतं, आणि ते संपेपर्यंत मी तिच्याबरोबर बसते.

अखंड अल्बम, तुमचं वाक्य मनावर घेतलंय, त्या गायिकेचा पूर्ण अल्बम शोधतेय, महिनाभर तोच ऐकेन. पण क्रमाचं म्हणाल तर या सीडीचा क्रमही कुणीतरी विचार करूनच लावलाय, एवढं तरी मान्य करा.

शनिवारी परत त्या दुकानात जाणार आहे, मागच्या खोक्यात कॅसेट आणि एलपी पण होत्या. काय बघून घेऊ?

अखंड_अल्बम

अल्बम मिळाला की इथे नाव टाका, मीही ऐकेन. क्रमाबद्दल माझं मत तेच आहे.

विनायल_वेडा

एलपी उजेडात तिरकी धरून बघा, बारीक चरे चालतात, नख अडकेल असा चरा असेल तर सोडा. कॅसेटच्या मधल्या पत्रीवर लोकरीचा छोटा तुकडा असतो, तो जागेवर आहे ना ते बघा, निघालेला असेल तर आवाज घोगरा येतो, पण चिकटवता येतो, म्हणून तेवढ्यासाठी टाकू नका. नाऊच्या कॅसेटी २००६ मध्ये ६४ नंबरनंतर बंद झाल्या, त्यामुळे शेवटच्या काही नंबरांच्या कमी सापडतात.

आणि एक लक्षात ठेवा. नाऊ ४ ची एलपी मुबलक मिळते, पण १९८४ मध्ये त्यांनी त्याच नंबरची एक सीडीही काढून बघितली होती, एकच डिस्क आणि त्यावर फक्त १५ गाणी. फार थोड्या निघाल्या. मी एकोणीस वर्षं शोधतोय. खोक्यात दिसली तर आधी तुमच्यासाठी घ्या, आणि मग मला एक फोटो पाठवा.