मदत हवी आहे: आबांना ३५ टक्के दिव्यांगत्व मिळालं, पुढे काय करावं? (देवगड तालुका)

नमस्कार मंडळी,

माझे चुलत सासरे, वय ७२, आम्ही आबा म्हणतो. गेल्या वर्षी भातकापणीच्या दिवसांत त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. हात छातीशी आखडलाय, पाय ओढत चालतात. काकींचेच गुडघे गेलेले. मुलगा नालासोपाऱ्याला रिक्षा चालवतो, जमेल तसे पैसे पाठवतो. कागदपत्रांचं सगळं माझ्याकडे आहे.

दिव्यांग दाखल्यासाठी सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरला आणि तारखेला त्यांना तपासणीला घेऊन गेले. जायचं म्हणून काकींनी पहाटे उठून त्यांची दाढी केली, धुवट सदरा घातला, बटणं लावली. डॉक्टरांनी विचारलं, काय त्रास होतो? आबा ताठ बसले. "माका काय जालाहा? मी बरो आसंय." स्वतः जेवता का? "व्हय." अंघोळ? "व्हय तर." आखडलेला हात उजव्या हाताने धरून वर करून दाखवला!

जेवतात हे खरं, पण काकींनी भात कालवून, माशाचे काटे काढून ताट पुढे सरकवलं की. अंघोळ काकी घालतात. संडास मागच्या परसात, चिऱ्याच्या चार पायऱ्या उतरून. रात्री तिथे धरून न्यावं लागतं, पावसात तर दोघं घसरून पडतील या भीतीने मला झोप लागत नाही. यातलं काहीच तिथे निघालं नाही. मी बोलायला लागले तर आबांनी नुसतं माझ्याकडे बघितलं आणि मी गप्प बसले. तेच मला खातंय.

दाखला आला ३५ टक्क्यांचा. योजनांना लागतात किमान ४०. येताना एसटीत मला रडू आवरेना. उभा जन्म चिरेखाणीवर काढलेला माणूस, बायको मला न्हाऊ घालते असं परक्यासमोर कसं म्हणेल?

फेरतपासणी मागता येते का? आणि आबांचं वय बघता महिन्याच्या मदतीसाठी संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करायचा की श्रावणबाळचा? सातबाऱ्यावर आबांच्या नावासोबत आणखी २३ नावं आहेत, वाट्याला येतात आंब्याची पाच कलमं. उत्पन्नाच्या दाखल्याला त्याची अडचण होईल का? कुणी हे केलं असेल तर कृपया सांगा.

---

प्रतिसाद:

ताई, मी राजापूरकडची. आमच्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांचे अर्ज मी भरून देते. तुम्ही लिहिलंय ते दर दुसऱ्या घरात होतं. बायका तर विचारायच्या आधीच "बरी आहे" म्हणतात.

दाखल्यातल्या टक्केवारीवर अपील करायचा हक्क २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिलेला आहे. पण त्याआधी एक वही घाला. आठवडाभर रोज लिहा, आबांना कुणी उठवलं, कपडे कुणी घातले, रात्री किती वेळा न्यावं लागलं, कधी पडले. वाईट दिवस वाईट म्हणूनच लिहा. डॉक्टर स्नायूंची ताकद, सांध्यांची हालचाल मोजतात, ते मोजमाप वहीने बदलत नाही. पण नीट काय तपासायचं ते त्यांच्या लक्षात येतं. वाढवून एक अक्षर लिहू नका, खोट्या दाव्याला याच कायद्यात शिक्षा आहे. डिस्चार्ज कार्ड आणि सीटी स्कॅनचा रिपोर्ट न्या. काकींना आत बसवा, कारण करतात त्या. आणि आबांना आदल्या रात्री एकटं गाठून समजवा. चारचौघांत नको, मान राहत नाही.

६५ पूर्ण असल्यामुळे श्रावणबाळ. अर्ज तहसीलदार कार्यालयात, संजय गांधी शाखेत द्यायचा. ऑक्टोबर २०२५ पासून दोन्ही योजनांत दिव्यांगांना महिना १,५०० ऐवजी २,५०० रुपये झालेत, म्हणून ४० टक्क्यांसाठी भांडणं मोलाचं आहे. उत्पन्नाच्या दाखल्याला तलाठ्याकडे जाताना सातबारा लपवू नका, तोच घेऊन जा आणि पाच कलमांतून खत-फवारणी वजा जाता काय उरतं ते सांगा. पैसे थेट खात्यात येतात, तेव्हा खातं आधारला जोडलेलं हवं. चिरेखाणीवरच्या माणसांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात, तेही आधीच बघून घ्या. आमच्याकडे एकांचं काम त्यावरच अडलं होतं.

ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करावे लागतात. संडासाला कठडा आणि पायऱ्यांऐवजी उतार, एवढं तरी लेखी अर्ज देऊन मागा आणि पोच घ्या. पावसाच्या आधी.

---

मूळ लेखिका:

ताई, खूप आभार. पोच घ्यायचं मला सुचलंच नसतं. वही परवापासून घातली. काल रात्री काकी तीनदा उठल्या, त्यांनी स्वतः पहिल्यांदाच मोजलं. आबांना काल संध्याकाळी पडवीत एकटे असताना वाचून दाखवली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माश्याचे काटे पन लिव."