मदत हवी आहे: पॅड रिकामं, तरी ड्रोन उतरताना 'अडथळा' इशारा

घारीचं_घरटं: ड्रोनच्या लँडिंग पॅडवर लक्ष ठेवायला लायडार (लेझर किरण सोडून, परत आलेल्या प्रकाशावरून अंतर मोजणारं उपकरण) आणि कॅमेरा बसवलाय. पॅडवर काही दिसलं की ड्रोनला 'वर जा' आदेश जातो. पण ड्रोन अगदी खाली आला की पॅड रिकामं असूनही इशारा येतो आणि उतरणं रद्द होतं. सगळी सेटिंग्ज बघून झाली. प्रात्यक्षिक तोंडावर आलंय, लवकर सांगा.

वायुवेग: लायडार कुठला, किती उंचीवर? ड्रोन केवढा? 'अगदी खाली' म्हणजे किती? पॅडभोवती जमीन कसली?

मिलिमीटर: लायडार काढा, ७७ गिगाहर्ट्झचा रडार लावा. तरंगलांबी सुमारे ४ मिलिमीटर, धुळीचे कण त्यापुढे फारच बारीक, त्यामुळे धूळ आड येत नाही. आम्ही तोच वापरतो.

निळी_रेघ: आरटीके (दुरुस्ती लावून जास्त अचूक केलेलं उपग्रह-स्थाननिर्धारण) घ्या आणि पॅडवर एप्रिलटॅग (कॅमेऱ्याला ओळखता येणारी काळी-पांढरी चौकोनी खूण) चिकटवा. सेंटिमीटरपर्यंत अचूक उतरतो.

घारीचं_घरटं: ड्रोन अचूकच उतरतोय, प्रश्न तो नाही! लायडार ९०५ नॅनोमीटरचा, ३ मीटरच्या खांबावर. ड्रोन २५ किलोचा. पॅड काँक्रीटचं, भोवती मोकळी माती.

वायुवेग: मग धुळीचा संशय आधी. पंख्यांचा झोत जमिनीवर आपटून आडवा पसरतो आणि पॅडबाहेरची माती उचलतो. लायडार एका किरणाचे दोन परतावे देत असेल तर शेवटचा घ्या, विरळ धुळीत तो बहुतेकदा जमिनीवरूनच आलेला असतो. रेकॉर्डिंगमध्ये ठिपके कडेला दिसतात की मधोमध?

आडवाट: ५ मीटरच्या खाली इशारा बंद करून टाका, विषय संपला.

उष्णरेषा: कृपया असं करू नका. कुणी मूल किंवा कुत्रं पॅडवर धावत आलं तर शेवटच्या काही सेकंदांतच येणार. थर्मल कॅमेरा जोडा. आणि रडारवाल्यांनी हेही सांगावं की न हलणाऱ्या वस्तूंचा प्रतिध्वनी गाळला की निश्चल उभा माणूसही गळतो.

मिलिमीटर: गाळणी नीट लावली तर नाही गळत. भर उन्हात काँक्रीट अंगाइतकं तापलं की तुमच्या थर्मलला माणूस वेगळा कसा दिसणार?

दूरदर्शी: एअर टॅक्सीत हाच प्रश्न मोठा होणार आहे. व्होलोसिटी या एअर टॅक्सीचं कमाल वजन ९०० किलो, पंखे १८. अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामकाने व्हर्टिपोर्टसाठी (एअर टॅक्सीच्या तळांसाठी) ताशी ३४.५ मैलांहून जोराचा झोत पोचतो तो भाग वेगळा आखायला सांगितलंय. नुसतं पॅड बघून भागणार नाही.

घारीचं_घरटं: एअर टॅक्सीचं नंतर बघू. रेकॉर्डिंग पाहिलं: आधीचे ठिपके मधोमध, धूळ त्यानंतर. ड्रोनचा स्वतःचा आकार आम्ही टेलिमेट्रीवरून (ड्रोन स्वतः पाठवतो त्या स्थानाच्या माहितीवरून) वगळतोच.

वायुवेग: हे पहिल्यांदाच कळतंय! मग लायडार आणि टेलिमेट्रीची घड्याळं जुळलेली आहेत का? सेकंदाला १ मीटर उतरताना अर्ध्या सेकंदाचा फरक म्हणजे वगळलेला भाग अर्धा मीटर वर राहतो आणि ड्रोनचे पाय खाली उघडे पडतात. दोन्हीकडच्या वेळेच्या नोंदी इथे टाका. पॅडभोवतीची मातीही पक्की करून घ्या, धूळ पुढे त्रास देणारच.