ट्रॅव्हल टुरिझमचा डिप्लोमा करू का? नाशिकमधल्या जाणकारांनी सांगा प्लीज

सिडकोवाली
नमस्कार, मी नाशिकचीच, बीकॉमचं शेवटचं वर्ष सुरूय. टॅली झालंय पण त्यात जीव रमत नाही, मला ट्रॅव्हल लाइनलाच जायचंय. कॉलेज रोडला एका क्लासमध्ये चौकशी केली, तर एक वर्षाचा डिप्लोमा, त्यात एअरपोर्ट ग्राउंड स्टाफ, टुरिझम, पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट सगळं एकत्र, फी ८५ हजार आणि शंभर टक्के प्लेसमेंट म्हणे, वर कुंभ येतोय तर पोरं कमी पडतील असंही ऐकवलं. पप्पा म्हणतात फिरायचा कसला आलाय कोर्स. माझ्या डोक्यात टूर मॅनेजर व्हायचंय, युरोप वगैरे, पण इंग्लिश कामापुरतंच येतं. काय करू?

तिकीट_काउंटर
ताई, आधी त्या क्लासला मागच्या बॅचच्या चार पोरांचे नंबर माग आणि त्यांनाच फोन लाव, देताना का-कू केलं तर समजून जा. शिवाय ग्राउंड स्टाफ आणि टुरिझम ही दोन वेगळी कामं आहेत. चेक-इन, बॅगेज, बोर्डिंग करायचं असेल तर ओझरला, आपल्या नाशिकच्या विमानतळावर, मोजकीच विमानं, म्हणजे मुंबई-पुणे गाठावंच लागणार.

एजन्सीत घेताना आम्ही सर्टिफिकेट बघतो पण एवढंसंच. अयाटाचा (विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना) फाउंडेशन डिप्लोमा असेल तर बरंच, तो सगळीकडे माहितीये. अमेडियस, गॅलिलिओ, सेबर या तिकीट बुकिंगच्या सिस्टिमपैकी एकीवर हात बसलेला असला की पुरे, दुसरं कामावर शिकता येतं. खरी परीक्षा बारीकसारीक गोष्टींत होते. बीओएम म्हणजे मुंबई सगळ्यांना येतं, नाशिकचा कोड विचारला की पोरं गप्प (आयएसके आहे). १५ तारखेचं ००:३५ चं विमान म्हणजे १४ च्या रात्रीच एअरपोर्टला पोचायचं, हे गिऱ्हाइकाला दोनदा समजावून सांगता आलं पाहिजे, नाहीतर ते १५ च्या रात्री बॅगा घेऊन हजर. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर दुबईचा टुरिस्ट व्हिसा अडतो, लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांची तिकिटं कुठल्या नावाने काढायची, शेंगेनमध्ये (एकच व्हिसा चालणारे युरोपातले देश) १८० दिवसांत ९० च दिवस राहता येतं, असल्या गोष्टी ज्याला तोंडपाठ आहेत त्याला कुणी घरी बसवत नाही. आणि तुझं बीकॉम वाया जात नाहीये हं, पॅकेजचं कॉस्टिंग, जीएसटी, फॉरेन टूरवरचा टीसीएस (गिऱ्हाइकाकडून आधीच वसूल करायचा टॅक्स, जो दर बजेटला डोकं खातो) हे समजणारी माणसं आमच्याकडे फार कमी आहेत.

बॅग_भरो_निकल_पडो
टूर मॅनेजर म्हणजे फुकटात युरोप असं डोक्यात असेल तर ते आधी काढून टाक. सकाळी सहाला लॉबीत उभं राहून माणसं मोजायची, रूमिंग लिस्टमधले (कोण कुणाबरोबर कुठल्या खोलीत) घोळ निस्तरायचे, जैन जेवण कुणाचं आणि शुगरची गोळी कुणाची राहिली ते बघायचं. तिकडे कोचचा ड्रायव्हर साडेचार तास चालवून झाल्यावर पाऊण तास थांबणारच, दिवसाला साधारण ९ तासांच्या वर गाडी हाकणार नाही, कायदाच आहे तसा. त्यामुळे ग्रुप शॉपिंगमध्ये रेंगाळला की पुढचं एखादं ठिकाण कापावं लागतं आणि शिव्या आपण खायच्या. (आणि हो, पोहे का नाहीत हे पॅरिसमध्येही विचारतात.)

इंग्लिशचं टेन्शन घेऊ नकोस, मराठी ग्रुपला मराठीत बोलणारा मॅनेजरच हवा असतो, हॉटेलशी भांडण्यापुरतं इंग्लिश आलं की झालं. पण युरोप पहिल्या वर्षी कुणी देत नाही, आधी अष्टविनायक, मग काश्मीर, चारधाम. तुझा पासपोर्ट आहे का? नसेल तर उद्याच अप्लाय कर.

पंचवटीकर
मी इथे गाइडिंग करतो म्हणून कुंभाबद्दल सांगतो. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, मुख्य स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात. तेव्हा हॉटेलांना, ट्रान्सपोर्टवाल्यांना माणसं लागतील यात वादच नाही, पण बहुतेक भाविक रामकुंडावर डुबकी मारून परत जाणारे, त्यांना पॅकेज लागत नाही. नंतर काय? त्या दोन महिन्यांच्या भरवशावर ८५ हजार घालणं मला तरी पटत नाही.

त्यापेक्षा आपलं गाव नीट शिक. काळारामाला आलेल्याला १९३० चा सत्याग्रह सांगता येतो का? पांडवलेणीला तिसऱ्या लेण्यात सातवाहनांच्या राजमाता गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे, तो न दाखवताच लोक खाली उतरतात. नांदूर मध्यमेश्वर रामसर साइट (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), बागलाणातला साल्हेर किल्ला २०२५ ला युनेस्कोच्या यादीत आला, आणि तिकडे लोकांना नेणारे गाइड बोटावर मोजण्याइतके. जानेवारी ते मार्च द्राक्षांचा सीझन, तेव्हा वायनरींना टूर देणारी, दोन भाषांत बोलणारी पोरं हवी असतात, तिथे सीझनपुरतं काम मिळालं तरी घे. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाचा टुरिस्ट फॅसिलिटेटरचा (गाइडसारखंच काम) ऑनलाइन कोर्स आहे, तोही बघून ठेव.

ओव्हरपॅक
बाकीच्यांशी थोडी असहमत. डिग्रीला अगदीच मोडीत काढू नका, पुढे मोठ्या कंपनीत ऑपरेशन्स किंवा कॉर्पोरेट ट्रॅव्हलला मॅनेजर व्हायचं असेल तर एमबीए विचारतातच. आयआयटीटीएम ही टुरिझम शिकवणारी केंद्र सरकारची संस्था आहे, ग्वाल्हेर, भुवनेश्वर, नोएडा, नेल्लोरला. पप्पांना हे नाव दाखव, फिरायचा कोर्स म्हणणार नाहीत मग.

सिडकोवाली
बापरे एवढे रिप्लाय, सगळ्यांना थँक्यू. पासपोर्ट नाहीये, फॉर्म भरते. एमबीए लगेच शक्य नाही, पप्पा बाहेरगावी पाठवणार नाहीत. तिकीट_काउंटर दादा, अनुभव नसताना एजन्सीवाले उभं करतील का?

तिकीट_काउंटर
नुसता बायोडाटा घेऊन गेलीस तर नाही करणार. एक काम कर, नागपूरहून वीस ज्येष्ठ नागरिक पहाटे नाशिकरोडला उतरतायत असं धर आणि दोन रात्रींची आयटिनररी बनव, वेळेसकट, जेवणासकट, माणशी खर्चासकट. बस किती सीटर आणि रूम कुठल्या मजल्यावर तेही लिही. ती इथे टाक, आम्ही चिरफाड करू, मग तीच प्रिंट काढून शरणपूर रोडच्या चार ऑफिसांत जा.

पंचवटीकर
आणि ज्येष्ठ आहेत तर पांडवलेणीच्या पायऱ्या नको, वणीला रोपवेचा वेळ धर, आणि त्र्यंबक सोमवारी टाकलंस तर मी पहिला लाल शेरा मारणार.