अनुभव : युद्धकाळातील संकेत उलगडणाऱ्या स्त्रिया आणि त्यांच्यावरील कादंबऱ्या

दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडणाऱ्या स्त्रियांवर अलीकडे इंग्रजीत बऱ्याच ऐतिहासिक कादंबऱ्या आल्या आहेत. इंग्लंडमधील ब्लेचली पार्क या संकेत उलगडण्याच्या ब्रिटिश केंद्रात काम करणाऱ्यांत सुमारे तीन चतुर्थांश स्त्रिया होत्या, त्यामुळे विषयाला खोली आहे. या कादंबऱ्यांत काय पटले, काय खटकले आणि त्या वाचून मूळ इतिहासाकडे आपण कसे वळलात, हे सविस्तर लिहावे, ही विनंती.

गणित शिक्षिका, सांगली

नायिकेला मध्यरात्री एकाएकी उत्तर सुचते, असा प्रसंग आला की माझे मन त्या कादंबरीतून उडते, कारण प्रत्यक्षात घडले ते याहून कितीतरी सरस आहे. जर्मन साहित्य शिकणारी मेव्हिस लीव्हर 1940 मध्ये, विशीही न गाठलेल्या वयात, ब्लेचलीतील ज्येष्ठ संकेततज्ज्ञ डिली नॉक्स यांच्या विभागात रुजू झाली. इटालियन नौदलाचा एक लांबलचक संदेश तपासताना तिच्या ध्यानात आले की त्यात ‘एल’ हे अक्षर एकदाही आलेले नाही. संदेश सांकेतिक करणाऱ्या एनिग्मा या यंत्रावर दाबलेले अक्षर कधीही तेच अक्षर होऊन बाहेर पडत नसे. म्हणजे चाचणीचा निरर्थक संदेश पाठवायला बसवलेल्या माणसाने सबंध वेळ ‘एल’चीच कळ दाबली होती. या एका निरीक्षणावरून यंत्रातील नव्या चक्राची अंतर्गत जोडणी उलगडता आली. मार्च 1941 मध्ये याच विभागाने वाचलेल्या संदेशांमुळे इटालियन आरमाराची हालचाल आधीच कळली आणि भूमध्य समुद्रातील मातापानच्या लढाईत त्यांच्या तीन जड क्रूझर युद्धनौका बुडाल्या. मी नववीच्या मुलांना असाच एक अक्षर गाळलेला उतारा देते. उत्तर सापडल्यावर त्यांचे चेहरे पाहण्यासारखे असतात, आणि लेखकांनी नेमका हा आनंद पकडावा असे मला मनापासून वाटते.

गृहिणी, पुणे

मुलाकडे इंग्लंडला गेले असताना ब्लेचलीला पुन्हा उभारलेले ‘बॉम्ब’ नावाचे, एनिग्माची मांडणी शोधणारे यंत्र चालताना पाहिले. त्याच्या प्रत्येक फिरत्या चकतीमागे बारीक तारांचे ब्रश असतात. दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर विद्युतमंडल बिघडून उत्तर चुके, म्हणून नौदलाच्या महिला दलातील मुली चिमट्याने एकेक तार सरळ करीत. खडखडाट, तेलाचा वास आणि पाळ्यांचे काम, आणि एवढे करूनही संदेशात काय होते हे बहुतेकींना कुणी सांगत नसे. कादंबऱ्यांत प्रेमप्रकरणाला पन्नास पाने मिळतात आणि या चिमट्याला एक ओळही मिळत नाही, याचे वाईट वाटते.

निवृत्त सरकारी कर्मचारी, नागपूर

माझ्या कार्यालयात वर्षानुवर्षे मी वरच्या पदाचे काम खालच्या वेतनश्रेणीत केले, म्हणून जोन क्लार्कची हकीकत मला फार जवळची वाटते. केंब्रिजमध्ये गणित शिकलेल्या या स्त्रीने ब्लेचलीतील ‘हट क्रमांक 8’ या विभागात जर्मन नौदलाच्या एनिग्मावर काम केले. परंतु तिला पगारवाढ देण्यासाठी कागदोपत्री भाषातज्ज्ञ दाखवावे लागले, आणि भाषा तर तिला एकही येत नव्हती. एका कादंबरीत अशाच प्रसंगावर नायिका संतापून राजीनामा देते. खरी जोन मात्र टिकून राहिली आणि 1944 मध्ये त्या विभागाची उपप्रमुख झाली. मला ही चिवट जोन अधिक भावते.

ग्रंथपाल, दिल्ली

आपल्याकडील धागा कुणीच हाती घेतलेला दिसत नाही. येथील आनंद पर्वतावर, रामजस महाविद्यालयाच्या जागेत, युद्धकाळात जपानी सैन्याचे बिनतारी संदेश उलगडणारे केंद्र होते आणि भारताच्या महिला सहायक दलातील स्त्रियाही तेथे होत्या. कुणाच्या घरी आजी किंवा पणजी त्या दलात असेल, तर तिच्याविषयी ऐकलेले येथे अवश्य लिहावे, मग ते दोनच ओळींचे असले तरी चालेल.