लॅबमधले पीसी व्हर्च्युअलायझेशनला तयार आहेत का, हे आधीच कसं तपासायचं?

लॅब_धुळे:
नमस्कार मंडळी. कॉलेजच्या लॅबमध्ये २० पीसी आहेत: आय-५ ४५७०, ८ जीबी रॅम, विंडोज १०. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (पीसीच्या आत दुसरा आभासी पीसी, म्हणजे व्हीएम, चालवणारं सॉफ्टवेअर) ६४ बिट उबंटू लिनक्स चालवायचंय. दोन मशीनवर करून पाहिलं. एकात यादीत फक्त ३२ बिट दिसतं, दुसऱ्यात उबंटू चालतं पण कासवगतीने. उरलेल्या १८ वर टाकण्याआधी काय काय तपासू?

तापीकाठ:
प्रोसेसरची काळजी नको, ४५७० मध्ये व्हीटी-एक्स (इंटेल प्रोसेसरमधली व्हर्च्युअलायझेशनची सोय) आणि ईपीटी (व्हीएमची मेमरी वेगाने हाताळणारी सोय) दोन्ही आहेत. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा. खाली 'व्हर्च्युअलायझेशन'पुढे 'डिसेबल्ड' असेल तर बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणारी बोर्डाची सेटिंग) 'इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी' चालू करा. हा पर्याय कुठे ॲडव्हान्स्डमध्ये सापडतो, कुठे सिक्युरिटीत. एएमडीवर त्याचं नाव 'एसव्हीएम मोड'. व्हीटी-डी मात्र यासाठी लागत नाही, ते पीसीआय कार्ड थेट व्हीएमला द्यायचं असेल तेव्हा. सेव्ह केल्यावर नुसतं रीस्टार्ट करू नका. काही बोर्ड पूर्ण बंद होऊन पुन्हा चालू झाल्याशिवाय बदल घेत नाहीत, म्हणून अर्धा मिनिट प्लगच काढा.

सातपुडा:
तुमचं ३२ बिटवालं मशीन बहुधा यानेच सुटेल. कासवगतीचं दुखणं वेगळं आहे, तिथे 'एनेबल्ड' दिसूनही उपयोग नाही. व्हीएमच्या खिडकीत खाली उजवीकडे हिरवं कासव दिसतंय का बघा. दिसलं तर व्हीटी-एक्स हायपर-व्हीने, म्हणजे विंडोजच्याच व्हर्च्युअलायझेशनने, आधीच ताब्यात घेतलंय. उरलेल्या मशीनवर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'सिस्टमइन्फो' चालवा. शेवटी 'अ हायपरवायझर हॅज बीन डिटेक्टेड' आलं तर तीच गत.

विंडोज फीचर्समधून हायपर-व्ही, व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म आणि विंडोज हायपरवायझर प्लॅटफॉर्म काढा. विंडोज सिक्युरिटीत कोअर आयसोलेशनखालची मेमरी इंटिग्रिटीही बंद करा, लोक नेमकी तीच विसरतात. हे बंद केल्याने सुरक्षेचा एक थर जातो आणि डब्ल्यूएसएल-२ (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) चालत नाही, म्हणून लागेल त्याच मशीनवर करा.

भुसावळकर:
भाऊ, आणखी एक. इतक्या जुन्या पीसीत बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपलेला असू शकतो. लॅबचा मेन स्विच रात्री बंद होत असेल किंवा लाइट गेली, तर बायोस मूळ सेटिंगवर येतं आणि व्हीटी-एक्स पुन्हा बंद. सकाळी तारीख मागे गेलेली दिसली तर आधी सेल बदला, मग बायोसला हात लावा. आणि ८ जीबीत व्हीएमला ४ जीबी नि २ कोअर, त्यापुढे जाऊ नका.