मदत हवी आहे: बागेचे पैसे सरकारी रोख्यांत ठेवायचे आहेत, पण किती मुदतीच्या?

नमस्कार मंडळी,

मी देवगड तालुक्यातला. घरची हापूसची बाग आहे. बाबा 72 वर्षांचे, हिशेब आता माझ्याकडे आलाय. जूनमध्ये बाग आवरली की हातात पैसे असतात आणि मोहोराच्या फवारणीला नोव्हेंबरपासून त्यातलेच लागतात. आजवर ते इथल्या एका पतसंस्थेत असायचे. गेल्या वर्षी तिने पैसे काढण्यावर मर्यादा घातली, आमचे काही लाख अजून तिथेच अडकलेत. फवारणीची औषधं उधारीवर आणली. बाबा कुणालाच काही बोलले नाहीत, पण रात्री उशिरापर्यंत ओटीवर बसून असायचे. ते परत बघवणार नाही.

म्हणून या खेपेला 7 लाख सरकारी रोख्यांत, म्हणजे सरकार ज्यावर कर्ज घेतं त्या कागदांत, ठेवायचे ठरवलेत. ओळखीतल्या एकाचं म्हणणं, 30 वर्षांचा रोखा घे, बाजार कोसळला की सगळे सरकारी कागदाकडे धावतात, भाव चढला की विक.

2008 मध्ये तसं झालं होतं हे मी वाचलं. जुलैत आपल्या 10 वर्षांच्या रोख्यावरचा परतावा 9 टक्क्यांच्या वर होता. सप्टेंबरात अमेरिकेतली लेहमन ही मोठी बँक बुडाली, पुढे आपल्या रिझर्व्ह बँकेने व्याजदर भराभर उतरवले आणि डिसेंबरअखेर परतावा सव्वापाचच्या आसपास आला. परतावा उतरला म्हणजे जुन्या रोख्याचा भाव चढला (नव्यावर व्याज कमी, म्हणून जुन्याला मागणी), एवढं मला कळलंय. अमेरिकेत तर त्या 9 डिसेंबरला चार आठवड्यांची ट्रेझरी बिलं (सरकारचे अगदी कमी मुदतीचे कर्जाचे कागद) शून्य टक्क्याने विकली गेली. लोकांना व्याज नकोच होतं, मुद्दल परत मिळालं म्हणजे पुरे. पतसंस्थेच्या दारात उभा राहिल्यापासून मला हे अगदी आतून समजतं.

पण जे डिसेंबरच्या शेवटी धावत आले त्यांचं काय? मार्च 2009 अखेर परतावा पुन्हा 7 टक्क्यांवर होता, म्हणजे त्यांच्या रोख्याचा भाव पडला. सरकार बुडालं नाही, तरी मधेच विकणाऱ्याला तोटा. मग आमच्यासारख्याने, ज्याला सहा महिन्यांत पैसे लागणारच आहेत, काय घ्यावं?

प्रतिसाद

दादा, 30 वर्षांचा मुळीच नको. समजा 7 टक्के व्याजाचा रोखा 100 रुपयांना घेतलात आणि बाजारातला दर 8 झाला, तर तो साधारण 88-89 रुपयांना जाईल. 7 लाखांत पाऊण लाखाच्या वर खड्डा, आणि तोही ऐन फवारणीत. शिवाय किरकोळ रकमेला गिऱ्हाईक लगेच मिळेलच असं नाही.

तुम्हाला ट्रेझरी बिल हवं: 91, 182 किंवा 364 दिवसांचं. व्याज वेगळं येत नाही, 100 चा कागद कमी भावाला मिळतो आणि मुदतीला पूर्ण 100 हातात पडतात. मुदतीपर्यंत धरलंत तर मधल्या भावाशी तुमचा संबंध नाही. रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट या संकेतस्थळावर फुकट खातं उघडतं (नोव्हेंबर 2021 पासून ही सोय आहे), किमान रक्कम 10,000, लिलाव साधारण बुधवारी. आम्ही रत्नागिरीकडे दोन पावसाळे हेच करतोय. निम्मे 91 दिवसांत घाला, ते सप्टेंबरात सुटतील, पहिल्या फवारणीला बँकेत तयार. उरलेले 182 दिवसांत, डिसेंबरात येतील. यावर कर लागतो, तेवढं हिशेबात धरा.

मूळ धागाकर्ता

खूप आभार. हंगामाशी मुदत जुळवायची हे सुचलंच नव्हतं. खातं बाबांबरोबर जोडीने उघडता येतं असं दिसतंय, तसंच करतो. त्यांच्या फोनवरही बँकेचा मेसेज आला पाहिजे. पतसंस्थेतल्या अडकलेल्या पैशांसाठी कुणी सहकार खात्याकडे लेखी तक्रार केली असेल तर अर्ज कसा लिहिला तेही कृपया सांगा.